मेडिसिनल केमिस्ट्रीचा पहिला शोधनिबंध कसा वाचावा: निर्माट्रेल्विरचं बोट धरून

बी.फार्म.च्या किंवा एम.एस्सी. ऑरगॅनिकच्या शेवटच्या वर्षातली मुलं बरेचदा विचारतात, "औषधशोधात काम करायचंय, सुरुवात कुठून करू?" माझं उत्तर गेली काही वर्षं बदललेलं नाही. एक शोधनिबंध घ्या आणि तो आठवडाभर पुरवून वाचा. वीस निबंधांचे सारांश चाळल्याने या विषयाची नजर येत नाही. एकच गोष्ट तळापर्यंत समजली की येते.

त्यासाठी मी निर्माट्रेल्विरचा निबंध सुचवतो. कोविडवरच्या पॅक्सलोविड या गोळीतला हा मुख्य रेणू. फायझरच्या संशोधकांनी २०२१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्याची जन्मकथा प्रसिद्ध केली. निबंध लहान आहे, रेणू मोजके आहेत आणि प्रत्येक रेणूमागचं कारण स्पष्ट दिलेलं आहे. शिवाय एक गोष्ट त्यात फार ठळकपणे दिसते, जी मला स्वतःला समजायला बराच काळ लागला: तक्त्यातला सगळ्यात ताकदवान रेणू औषध होतोच असं नाही. इथे तर मुळातला रेणू एन्झाइमवर जवळजवळ अकरा पटींनी जास्त ताकदवान होता. तरी औषध झाला तो दुसराच.

पहिलं काम: कागद-पेन्सिल घ्या

सारांश वाचायच्या आधी रेणू हाताने काढा. सॉफ्टवेअर नको. निर्माट्रेल्विरची रचना पबकेमवर एका शोधात मिळते. ती समोर ठेवून वहीत दोन-तीनदा काढा, कायरल केंद्रांसकट (ज्या कार्बनभोवती रेणूची डावी-उजवी रूपं होऊ शकतात ते). हात चालत असताना डोळ्यांना तुकडे दिसू लागतात: एका टोकाला नायट्राइल, त्याच्या शेजारी पाच कोनांचा लॅक्टम (वलयात बांधलेलं अमाइड), मधे तीन आणि पाच कोनांची जोडलेली वलयं व त्यांच्यावर दोन मिथाइल, मग टर्ट-ल्युसिन, आणि दुसऱ्या टोकाला ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटामाइड.

आता त्याच पानावर मूळचा रेणू काढा. त्याचं नाव पीएफ-००८३५२३१. तो २००२-०३ च्या सार्सच्या साथीत फायझरमध्येच तयार झाला होता. साथ ओसरली, रुग्ण उरले नाहीत, काम बाजूला पडलं. २०२० मध्ये नव्या विषाणूचा जनुकक्रम हाती आला तेव्हा दिसलं की दोन्ही विषाणूंचा मुख्य प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं कापणारं एन्झाइम, सुमारे ९६ टक्के सारखा आहे. सतरा वर्षं पडून असलेली वही पुन्हा उघडली गेली.

दोन्ही रेणू शेजारी ठेवून, काय तसंच राहिलं आणि काय बदललं ते दोन रंगांनी रंगवा. तसाच राहिला आहे तो लॅक्टम. बाकी जवळपास सगळं बदललं आहे. निबंधाचा अर्धा आशय या एका चित्रात आहे.

दुसरं काम: प्रथिन डोळ्यांनी पाहा

प्रोटीन डेटा बँकेच्या संकेतस्थळावर जा आणि ६एलयू७ ही नोंद उघडा (शोधताना अर्थातच रोमन अक्षरं व आकडे टाइप करा). २०२० च्या सुरुवातीलाच चिनी संशोधकांनी खुली केलेली ही मुख्य प्रोटिएजची रचना आहे. नंतर ७व्हीएच८ उघडा, त्यात हाच प्रोटिएज निर्माट्रेल्विरसकट आहे. काहीही डाऊनलोड करावं लागत नाही, ब्राउझरमध्येच रेणू फिरवून बघता येतो.

आत काय शोधायचं? १४५ क्रमांकाचं सिस्टीन आणि ४१ क्रमांकाचं हिस्टिडीन. कापणीचं काम ही जोडी करते. विषाणू आपली बरीचशी प्रथिनं एका लांबलचक साखळीत बनवतो आणि हा प्रोटिएज ती ११ ठिकाणी कापतो. ही कापणी थांबली की विषाणूची नक्कल थांबते. कापताना तो ग्लुटामिन या अमिनो आम्लाच्या पुढे काप घेतो. अशी पसंती असलेला प्रोटिएज माणसाच्या शरीरात माहीत नाही, म्हणून हे टार्गेट निवडण्यात शहाणपण होतं.

आता लॅक्टमकडे पाहा. ते ग्लुटामिनच्या बाजूच्या साखळीचं सोंग आहे, फक्त वलयात बांधलेलं. १६३ क्रमांकाच्या हिस्टिडीनशी आणि १६६ क्रमांकाच्या ग्लुटामेटशी त्याचे हायड्रोजन बंध दिसतील. एन्झाइम ज्या खुणेवरून आपलं सावज ओळखतं ती खूणच लॅक्टम दाखवतं. म्हणून रसायनज्ञांनी त्याला हात लावला नाही.

नायट्राइलचा कार्बन सिस्टीनच्या गंधकाला चिकटलेला दिसेल. हा सहसंयुज बंध आहे, पण परतवता येणारा, म्हणजे तो तुटूही शकतो. रेणूच्या अशा टोकाला या क्षेत्रात वॉरहेड म्हणतात. जुन्या रेणूत ते काम हायड्रॉक्सिमिथाइल कीटोन करत होतं.

या टप्प्याला घाई करू नका. एक संध्याकाळ नुसती रेणू फिरवण्यात गेली तरी चालेल. पुढचे सगळे आकडे या चित्रावर टांगायचे आहेत.

तिसरं काम: तक्ता वाचा, पण आधी एककं पाहा

नवखा वाचक तक्त्यात सगळ्यात लहान आकडा शोधतो, कारण आकडा जितका लहान तितका रेणू ताकदवान. मीही तेच करायचो. त्याआधी तीन गोष्टी तपासा.

आकडा केआय आहे की आयसी-५०? आयसी-५० म्हणजे एन्झाइमचं काम निम्म्यावर आणणारी मात्रा. ती प्रयोगात सब्स्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) किती घातलं यावर अवलंबून असते. केआय, म्हणजे रेणू एन्झाइमला किती घट्ट बसतो याचं माप, त्यापासून मोकळा असतो. म्हणून दोन वेगळ्या प्रयोगशाळांचे आयसी-५० थेट शेजारी मांडून तुलना करणं धोक्याचं.

दुसरी गोष्ट, फरक लॉगरिदममध्ये मोजा. १० पट ताकद म्हणजे बंधनाच्या ऊर्जेत सुमारे १.४ किलोकॅलरी प्रति मोल एवढाच फरक. एखादा चांगला हायड्रोजन बंध मिळाला किंवा गेला की एवढा फरक पडू शकतो. दुपटीपर्यंतचा फरक बहुतेक वेळा प्रयोगाच्या चढउतारातच जमा होतो, त्यावर सिद्धांत उभारू नका.

तिसरी, प्रयोग नळीतल्या एन्झाइमवर झाला की जिवंत पेशींमध्ये? निर्माट्रेल्विरचा एन्झाइमवरचा केआय ३.१ नॅनोमोलर आहे. पेशींमध्ये विषाणूला निम्म्यावर आणणारी ईसी-५० मात्रा मात्र ७५ नॅनोमोलरच्या आसपास. पेशीत शिरताना आवरण ओलांडावं लागतं, आत इतर प्रथिनं असतात, आणि काही पेशी आत आलेला रेणू पंपाने बाहेर फेकतात. माकडाच्या मूत्रपिंडापासून बनवलेल्या व्हेरो पेशींमध्ये पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा हा पंप फार जोरात चालतो, म्हणून संशोधकांनी तिथे पंप रोखणारं संयुग घालून मोजणी केली. तक्त्याखालच्या बारीक अक्षरातली टीप वाचली नाही तर हे कळतच नाही. तक्त्याखालच्या टिपा हा निबंधाचा सगळ्यात प्रामाणिक भाग असतो, असं मी आता मानतो.

चौथं काम: प्रत्येक बदलाची किंमत विचारा

इथे थांबून खोलात जायचं आहे.

जुन्या पीएफ-००८३५२३१ चा केआय ०.२७ नॅनोमोलर होता. निर्माट्रेल्विरचा ३.१. मग जुनाच का वापरला नाही? वापरून पाहिला गेला. त्याचं फॉस्फेट केलेलं रूप शिरेतून द्यायचं औषध म्हणून चाचण्यांमध्ये नेलं होतं. पण शिरेतून द्यायचं म्हणजे रुग्ण दवाखान्यात हवा, सलाइन हवं, नर्स हवी. कोविडमध्ये विषाणू रोखायची वेळ पहिल्या चार-पाच दिवसांची. त्या दिवसांत माणूस घरी असतो. म्हणून गोळी हवी होती, आणि हा रेणू तोंडाने दिला तर आतड्यातून रक्तात जवळपास पोचतच नव्हता.

का पोचत नव्हता ते तुम्ही वहीतल्या चित्रावरून स्वतः शोधू शकता. दोन्ही रेणूंमध्ये नायट्रोजनला किंवा ऑक्सिजनला जोडलेले हायड्रोजन मोजा. या हायड्रोजन-दात्यांना पाण्याचे रेणू घट्ट धरून बसतात, आणि आतड्याच्या पेशीचं तेलकट आवरण ओलांडायचं तर ते पाणी सोडावं लागतं. सोडण्याला ऊर्जा लागते. जुन्या रेणूत इंडोलचा एक, अमाइडचे दोन, लॅक्टमचा एक आणि हायड्रॉक्सिलचा एक असे ५ दाते आहेत. निर्माट्रेल्विरमध्ये ३. मोजून पाहा, माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका.

हे दोन दाते कसे घालवले यात सगळं कौशल्य आहे. हायड्रॉक्सिमिथाइल कीटोनच्या जागी नायट्राइल आणल्यावर एक गेला. साखळीच्या मधल्या ल्युसिनच्या जागी वलयात बांधलेला, प्रोलिनसारखा तुकडा बसवला, त्याबरोबर तिथला अमाइडचा हायड्रोजन गेला. हा तुकडा नव्याने शोधलेला नव्हता. हिपॅटायटिस सी वरच्या, २०११ मध्ये मान्यता मिळालेल्या बोसेप्रेव्हिरमध्ये तो आधीच होता. या क्षेत्रात नवे असाल तर जुनी औषधं पाठ करा, असं मी म्हणतो ते यासाठी. दुसऱ्या विषाणूवरच्या, दशकभर जुन्या औषधातला तुकडा अडचणीच्या वेळी उपयोगी पडला, कारण कुणाच्या तरी तो लक्षात होता.

त्याची किंमतही मोजावी लागली. गेलेला तो हायड्रोजन १८९ क्रमांकाच्या ग्लुटामिनशी बंध करत होता. बंध गेला आणि मधल्या टप्प्यातल्या रेणूची ताकद आणखी घसरली. नुसता तक्ता पाहणारा माणूस इथे हा मार्ग सोडून देईल. संशोधकांनी सोडला नाही, कारण त्याच वेळी आवरण ओलांडण्याची क्षमता सुधारत होती. मग दुसऱ्या टोकाला इंडोल काढून टर्ट-ल्युसिन आणि वेगवेगळी टोपणं लावत ताकद परत मिळवली. मिथेनसल्फोनामाइड लावून पाहिलं, शेवटी ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटामाइडवर बेत जमला.

नायट्राइलच का, यालाही उत्तर आहे. त्याच्याबरोबर बेन्झोथायाझोल असलेलं कीटोनही शर्यतीत होतं. नायट्राइल निवडलं गेलं ते विद्राव्यता चांगली म्हणून, मोठ्या प्रमाणावर बनवणं सोपं म्हणून, आणि शेजारचं कायरल केंद्र उलटण्याची भीती कमी म्हणून. यातल्या एकाही कारणाचा एन्झाइमशी संबंध नाही. कारखान्यात टनावारी बनवता येईल का, हा प्रश्न रेणूच्या जन्माच्या वेळीच विचारला गेला होता.

शेवटी रेणुभार काढा: ४९९.५. लिपिन्स्कीच्या १९९७ च्या प्रसिद्ध नियमातली मर्यादा ५००. अर्धा एकक खाली! हा नियम कायदा नाही, तो मोडून यशस्वी झालेली औषधं पुष्कळ आहेत. पण तोंडाने घ्यायचा रेणू आखताना माणसं कुठे पाहत असतात ते यातून कळतं.

पाचवं काम: शरीर रेणूचं काय करतं ते पाहा

निर्माट्रेल्विर रक्तात पोचला तरी यकृतातलं सीवायपी ३ए४ हे एन्झाइम त्याचा वेगाने निकाल लावतं. म्हणून पॅक्सलोविडमध्ये प्रत्येक वेळी ३०० मिलिग्रॅम निर्माट्रेल्विरबरोबर १०० मिलिग्रॅम रिटोनाव्हिर असतं, दिवसातून दोनदा, ५ दिवस. रिटोनाव्हिर मुळात एचआयव्हीवरचं औषध. इथे त्याचं काम विषाणूशी लढण्याचं नाही, सीवायपी ३ए४ ला अडवून धरण्याचं आहे.

या युक्तीची दुसरी बाजू अशी की हेच एन्झाइम बाजारातल्या असंख्य औषधांचा निचरा करतं. ते अडलं की कोलेस्टेरॉलवरच्या काही गोळ्या, हृदयाच्या ठोक्यांवरची काही औषधं, प्रत्यारोपणानंतर घ्यायची औषधं रक्तात धोकादायक प्रमाणात साचू शकतात. ज्यांना कोविडचा धोका जास्त तेच बहुधा अशी औषधं घेणारे, म्हणून ही अडचण खरी होती. निबंध वाचताना "या रेणूचा निचरा कोण करतं?" हा प्रश्न समासात लिहायची सवय लावा.

परिणामांचे आकडेही त्यांच्या चौकटीसकट वाचा. लस न घेतलेल्या, जास्त धोका असलेल्या रुग्णांमध्ये लक्षणं दिसल्यापासून तीन दिवसांत उपचार सुरू केले तर रुग्णालयात भरती किंवा मृत्यू यांचा धोका ८९ टक्क्यांनी कमी झाला. नंतर, कमी धोक्याच्या किंवा लस घेतलेल्या लोकांवरच्या चाचणीत लक्षणं लवकर जाण्याच्या बाबतीत लक्षणीय फरक दिसला नाही. औषध तेच, लोक वेगळे, मोजमाप वेगळं.

सहावं काम: शेजारी दुसरा रेणू ठेवा

एकच रेणू वाचला तर वाटतं, दुसरा मार्गच नव्हता. म्हणून जपानच्या शिओनोगीचा एन्सिट्रेल्विर शोधा. टार्गेट तेच, पण वॉरहेड नाही, पेप्टाइडसारखी साखळी नाही, रिटोनाव्हिरची गरज नाही, दिवसातून एकदाच घ्यायचा. त्याची सुरुवात संगणकावर संयुगांच्या संग्रहातून चाळणी करून झाली. जपानमध्ये त्याला नोव्हेंबर २०२२ मध्ये तातडीची मान्यता मिळाली. त्याची रचना काढा आणि ६एलयू७ मधल्या कोणत्या कोपऱ्यात त्याचा कोणता भाग बसत असेल याचा अंदाज आधी वहीत लिहा, मग प्रत्यक्ष रचना उघडा. चुकलात तर कुठे चुकलात ते लिहून ठेवा.

खुल्या माहितीवर हात बसवायचा असेल तर कोविड मूनशॉट पाहा. ब्रिटनमधल्या डायमंड लाइट सोर्सच्या स्फटिक-प्रयोगांपासून २०२० मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प. जगभरच्या रसायनज्ञांनी रेणू सुचवले आणि मोजमापं सगळ्यांसाठी खुली ठेवली गेली. फसलेले रेणूही त्यात आहेत. नवख्यासाठी ते यशस्वी रेणूंपेक्षा मोलाचे, कारण छापील निबंधांत ते क्वचित दिसतात.

डॉकिंग आणि हळद

डॉकिंगवर, म्हणजे रेणू प्रथिनाच्या खाचेत कसा बसेल याचा संगणकावर अंदाज घेण्यावर, मला मनापासून बोलायचं आहे, कारण आपल्याकडच्या बऱ्याच विद्यार्थ्यांची सुरुवात इथूनच होते. ऑटोडॉक व्हिना हे डॉकिंगचं सॉफ्टवेअर मोफत आहे, प्रथिनाची रचना मोफत आहे, आणि घरात हळद आहे. हळदीतलं कर्क्युमिन डॉक केलं, उणे आठ असा स्कोअर आला (जितका जास्त उणे तितका चांगला मानतात), प्रकल्प तयार. कृपा करून इथे थांबू नका.

आधी सॉफ्टवेअरची परीक्षा घ्या. स्फटिकातला रेणू बाहेर काढून पुन्हा त्याच खाचेत डॉक करा. मूळ जागेपासून २ अँगस्ट्रॉमच्या आत बसला तर पुढे जा. निर्माट्रेल्विरसारख्या सहसंयुज बंध करणाऱ्या रेणूला साधं डॉकिंग न्याय देत नाही, कारण तो बंध त्यात मोजलाच जात नाही. मग निष्क्रिय असल्याचं माहीत असलेले रेणूही डॉक करा. त्यांनाही उणे आठ मिळत असेल तर तुमचा स्कोअर काहीच सांगत नाही. आणि स्कोअर कधीही केआय म्हणून लिहू नका.

आता कर्क्युमिन. हा रेणू प्रयोगात जवळजवळ कशावरही परिणाम दाखवतो, आणि गोम तीच आहे. तो स्वतः चमकतो, त्यामुळे प्रकाशावर चालणारी मोजमापं बिघडवतो. प्रथिनांशी अनिश्चित प्रतिक्रिया करतो. साध्या बफरमध्येही झपाट्याने विघटतो. अशा रेणूंना या क्षेत्रात पेन्स म्हणतात, २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बेल आणि हॉलोवे यांनी त्यांची यादी मांडली. २०१७ मध्ये 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'त कर्क्युमिनवर एक सविस्तर आढावा आला, तो प्रत्येक भारतीय विद्यार्थ्याने वाचावा असं मला वाटतं.

यात हळदीचा अपमान नाही. जखमेवर हळद लावण्याचं ज्ञान आपलंच आहे, हे सिद्ध करून डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरने १९९७ मध्ये अमेरिकेतलं पेटंट रद्द करवून घेतलं, याचा मला अभिमान आहे. पण परंपरागत वापर आहे हा एक प्रश्न, आणि त्यातला एक शुद्ध रेणू गिळल्यावर रक्तात टिकतो का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर मोजमापानेच मिळतं.

पुढे काय वाचायचं

पहिला निबंध झाला की 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'मधले मान्यताप्राप्त औषधांच्या शोधाचे वृत्तांत घ्या. कर्करोगाशी जोडलेल्या केआरएएस या प्रथिनावरचं सोटोरासिब (२०२१) छान आहे, कारण त्या प्रथिनाला खाचच नाही असं कित्येक वर्षं मानलं जात होतं. प्रथिनाला रोखण्याऐवजी त्याला पेशीच्या कचरापेटीत ढकलणाऱ्या प्रोटॅकवर सध्या खूप काम चालू आहे. त्यांचे रेणुभार ५०० च्या कितीतरी वर असतात, म्हणून आज शिकलेला लिपिन्स्की तिथे कसा वाकवतात ते पाहणं उद्बोधक आहे. अल्फाफोल्ड या एआय प्रणालीमुळे प्रथिनांच्या रचनांचा अंदाज घरबसल्या मिळतो (२०२४ च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा आहे), पण रेणू आत शिरल्यावर खाच कशी हलते ते अजून प्रयोगानेच पडताळावं लागतं.

पुण्यात एनसीएल किंवा आयसर, मुंबईत माटुंग्याची आयसीटी जवळ असेल, तर तिथल्या प्राध्यापकांना ईमेल करताना "मला औषधशोधात रस आहे" एवढंच लिहू नका. त्यांच्या एका निबंधातला एक तक्ता उचला आणि "या रेणूत मिथाइल लावल्यावर ताकद का गेली असावी, माझा अंदाज असा आहे" असं लिहा. अंदाज चुकला तरी चालतो.

आणि दुसऱ्या आठवड्याचा गृहपाठ: टर्फेनाडिन आणि फेक्सोफेनाडिन. सर्दी-अ‍ॅलर्जीवरचं टर्फेनाडिन खूप खपत होतं. ते हृदयातला एचईआरजी हा पोटॅशियम मार्ग अडवतं, पण बहुतेकांच्या बाबतीत यकृत त्याला आधीच बदलून टाकायचं, म्हणून ते खपून गेलं. काही रुग्ण त्याच्याबरोबर कीटोकोनाझोल किंवा एरिथ्रोमायसिन घेत होते. त्यांच्यात तो बदल अडला, टर्फेनाडिन साचलं आणि ठोके प्राणघातकपणे बिघडले. ते बाजारातून गेलं. यकृत त्याचं जे रूप बनवत होतं तेच आज फेक्सोफेनाडिन म्हणून दुकानात मिळतं. दोन्ही रेणू शेजारी काढा. फरक फक्त एका टोकाला आहे. तो काय आहे, त्यामुळे एचईआरजीशी जमेनासं का होतं, आणि यकृतात तो बदल करणारं एन्झाइम कोणतं, ते वहीत लिहा. त्या एन्झाइमचं नाव या लेखात येऊन गेलेलं आहे.